बुडालं म्हणजे नेमकं काय झालं? इंग्लिशमधलं 'सिंक' पोर्तुगीजमध्ये नेताना

परवा एका फाइलवर तोंडघशी पडले. किचन-बाथरूमच्या सामानाचा कॅटलॉग होता, इंग्लिशमधून पोर्तुगीजमध्ये न्यायचा. आमच्या सॉफ्टवेअरला एक खोड आहे, आधी कधीतरी केलेल्या कामातले शब्द उचलून रिकाम्या खान्यांत आपले आपण भरून टाकतं. मागच्या महिन्यात मी त्यातच जहाजं उडवायचा एक गेम केला होता. झालं. 'डबल बाउल स्टील सिंक' समोर त्याने जे भरलं त्याचं मराठी करायचं तर 'दोन भांड्यांचं स्टीलचं बुडव'. रात्री साडेअकराला मी ते न वाचता पुढे ढकललं (हो, माझीच चूक) आणि सकाळी लिस्बनच्या रिव्ह्यूअर बाईंची कमेंट आली, 'किती खोल पाण्यात बुडवायचंय?'

तेव्हापासून डोक्यात आहे की यावर एकदा नीट लिहावं. कारण हा शब्द दिसतो तेवढा गरीब नाहीये, आणि मराठी माणसाला यात दुप्पट गोंधळ होतो, का ते सांगते.

आपल्याकडे काय काय बुडतं बघा. जहाज बुडतं, माणूस बुडतो, बँक बुडते, उधारी बुडते, शाळा बुडवली जाते, दिवस बुडतो, नोकरदाराचा एक दिवसाचा पगार बुडतो, आणि कोणाचं तरी कोणामुळे तरी वाटोळं झालं की 'त्याने घर बुडवलं'. एकच क्रियापद दिवसभर राबतंय. इंग्लिशवाल्याने निदान दोन ढीग केलेत, वस्तू 'सिंक' होते आणि माणूस 'ड्राउन' होतो. पण त्याने सिंकच्या ढिगात पुन्हा भांडी घासायची जागा, खचलेली जमीन, डोक्यात शिरणारी गोष्ट, सगळं कोंबून ठेवलंय. म्हणजे मराठीतलं बुडणं आणि इंग्लिशमधलं सिंक हे दोन्ही मोठे शब्द, पण मोठे वेगवेगळ्या दिशांना. आणि पोर्तुगीज या दोघांनाही विचारतं, बाबा रे, नेमकं काय झालं ते सांग. तळाला गेलं? श्वास अडकला? फुटलं? उलटलं? रुतलं? प्रत्येकाला शब्द वेगळा.

(उच्चारांबद्दल एक सूचना. पोर्तुगालचे लोक स्वर गिळतात, ब्राझीलचे तोंडभर सोडतात. मी खाली जे देवनागरीत लिहिलंय ते दोघांच्या मधलं काहीतरी आहे, त्यावरून माझ्याशी भांडू नका.)

सगळ्यात आधी 'अफुंदार'. सिंकसाठी डिक्शनरीत पहिला हाच सापडतो. यात 'फुंदु' म्हणजे तळ. विहिरीचा, पातेल्याचा, समुद्राचा, कशाचाही. त्यामुळे अफुंदार म्हणजे शब्दशः तळाला जाणं किंवा तळाला घालणं. इंग्लिशसारखंच हे दोन्हीकडे चालतं, जहाज अफुंदार होतं आणि पाणबुडी जहाजाला अफुंदार करते. आपल्याकडे बुडणं आणि बुडवणं वेगळं करावं लागतं, इथे नाही. जे आपोआप होतं त्याला बरेच जण 'स' जोडतात, 'अफुंदार-स', म्हणजे साधारण 'स्वतः बुडणं', पण ब्राझीलमध्ये बोलताना तो 'स' सरळ गळतो. वहीवर चौकोन काढून जहाजं लपवायचा खेळ आपणही खेळलोय ना, तो तिथेही आहे, नेम चुकला की पोरं 'आग्वा!' म्हणजे 'पाणी!' ओरडतात, आणि जहाज संपलं की पोर्तुगालमध्ये 'आउ फुंदु!', तळाला! माझ्या गेममध्ये इंग्लिश बटणावर नुसतं 'संक' होतं. ब्राझीलसाठी 'अफुंदोउ' टाकलं, पोर्तुगालसाठी 'आउ फुंदु'. कुठल्याही पोराला विचारून घ्या.

आता यातली गंमत, जी मला फार आवडते. 'फुंदार' म्हणजे स्थापन करणं. 'अफुंदार' म्हणजे बुडवणं. मध्ये फक्त एक 'अ'. दोन्ही त्या एकाच तळातून आलेत, एकाने तळाशी पाया घातला, दुसरा तळाशी जाऊन बसला. पणजीला फोंतेन्हासमध्ये 'फुंदासांव ओरिएंत' आहे, त्यातलं फुंदासांव म्हणजे फाउंडेशन, ते ह्याच कुळातलं. म्हणजे 'त्याने कंपनी फुंदोउ' म्हटलं तर हार घालायचा आणि 'त्याने कंपनी अफुंदोउ' म्हटलं तर पोलिसात जायचं. पोर्तुगालमध्ये तर याहून कहर आहे. त्यांची चालू क्रिया सांगायची पद्धत अशी की 'आहे' नंतर 'अ' आणि मग मूळ क्रियापद. म्हणजे 'तो स्थापन करतोय' हे 'श्ता अ फुंदार', आणि 'तो बुडवतोय' हे 'श्ता अ अफुंदार'. दोन 'अ' शेजारी आले की बोलताना एकात एक मिसळून एकच उघडा 'आ' होतो, आणि कंपनी उभी राहतेय की बुडतेय हे त्या एका स्वराच्या उघडेपणावर ठरतं. ब्राझीलवाले 'फुंदांदु' आणि 'अफुंदांदु' म्हणतात, त्यांना तेवढा ताप नाही. शिवाय इंग्लिशमध्येही 'फाउंडर' म्हणजे संस्थापक आणि 'फाउंडर होणं' म्हणजे जहाज पाणी भरून बुडणं, तेही फिरून त्याच लॅटिन तळाला जातं. मशीन ट्रान्सलेशनला असल्या जागी एकटं सोडू नये.

माणसाकडे येऊ. माणसाला अफुंदार लावलं तर पोर्तुगीज माणसाच्या डोळ्यासमोर दगडासारखा तळाला जाणारा माणूस येतो, मेला की नाही ते कळत नाही. पाण्यात जीव जाणं म्हणजे 'अफोगार-स'. हा शब्द मुळात पाण्याचा नाहीच, गळ्याचा आहे. लॅटिनमध्ये त्याचं मूळ घसा दाबणं, गुदमरवणं. म्हणून ब्राझीलमध्ये जुन्या गाडीचा चोक म्हणजे 'अफोगादोर', आणि पेट्रोल जास्त जाऊन इंजिन बंद पडलं की गाडी 'अफोगोउ', गाडी गुदमरली. पुण्यात कॅफेत आइस्क्रीमवर गरम कॉफी ओतून 'अफोगाटो' म्हणून आणून देतात, तो इटालियन भाऊ याचाच. दुःख दारूत बुडवायचं असेल तर तेही अफोगार, म्हणजे दुःखाचा गळा दाबायचा. आपण दुःख बुडवतो तेव्हा ते नुसतं खाली जातं आणि सकाळी वर येतं.

इथे एक नाजूक जागा आहे आणि ही खरंच जिवाशी येऊ शकते. इंग्लिशमध्ये 'ही ड्राउन्ड' म्हटलं की माणूस गेला. पोर्तुगीजमध्ये 'अफोगोउ-स' म्हटलं की बहुतेकदा गेलाच, पण बोलताना लोक वाचलेल्याबद्दलही म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही तशीच आहे, पाण्यामुळे श्वासाला अडथळा येण्याची क्रिया म्हणजे ड्राउनिंग, शेवट मरण असो की नसो. त्यामुळे बातमीत मृत्यू झालाय हे सांगायचं असेल तर 'मोरेउ अफोगादु', म्हणजे 'गुदमरून मेला', असं धडधडीत लिहायचं. आपणही नाही का 'बुडाला' म्हटल्यावर समोरचा लगेच विचारतो, 'वाचला ना?' म्हणून मग 'बुडून मेला' असं सांगावं लागतं. स्विमिंग पूलच्या पाटीवर मात्र कोणताही विचार न करता 'रीश्कु द अफोगामेंतु'. मराठीतून विचार करून 'बुडण्याचा धोका' म्हणत अफुंदारचं रूप टाकलंत तर पूलच बुडणारेय असं वाचलं जाईल.

आता जहाजं. इथे पोर्तुगीज भाषा भयंकर श्रीमंत आहे आणि असायलाच हवी, ज्यांनी पाच खंडांच्या किनाऱ्यांवर जहाजं गमावली त्यांच्याकडे शब्द नसतील तर कोणाकडे असणार.

मोठा शब्द 'नाउफ्राझिउ'. लॅटिनमध्ये नाव (जहाज) आणि फुटणं, दोन्ही मिळून. आपल्याकडे जुने लोक 'तारू फुटलं' म्हणायचे ना, अगदी तेच. टायटॅनिकचं 'सिंकिंग' पोर्तुगीजमध्ये जवळपास नेहमी 'नाउफ्राझिउ' होतं. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११:४० ला हिमनगाला धडकलं, २:२० ला गेलं, आणि तो पूर्ण प्रसंग, धडक, घबराट, होड्या, मेलेले, वाचलेले, सगळं त्या एका शब्दात येतं. अफुंदार मात्र फक्त शेवटचं खाली जाणं. शिवाय 'नाउफ्रागु' म्हणजे जहाज फुटलेला माणूस, जो वाचून किनाऱ्याला लागला किंवा अजून फळीला धरून आहे. मराठीत याला एक शब्द नाही, इंग्लिशमध्ये 'कास्टअवे' जवळ जातो. पोर्तुगालमध्ये समुद्रकिनाऱ्यावरची जीवरक्षणाची यंत्रणा बघणारी सरकारी संस्था १८९२ पासून आहे, तिच्या नावातच नाउफ्रागु आहेत, 'इन्श्तितुतु द सोकोर्रुश आ नाउफ्रागुश'. आता तिथे उन्हात पडलेल्या टूरिस्टला लाइफगार्ड बघतो, पण नाव तेच.

मग नाउफ्राझिउ कधी नाही वापरायचं? शत्रूने बुडवलं तर. जर्मन पाणबुडी यू-५०७ ने ऑगस्ट १९४२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ थोड्याच दिवसांत एकामागून एक ब्राझिलियन जहाजं टॉर्पेडो मारून बुडवली, सहाशेवर माणसं गेली, लोक रस्त्यावर उतरले आणि २२ ऑगस्टला ब्राझील युद्धात उतरला. तिथे शब्द येतो 'अफुंदामेंतु', बुडवणं. नाउफ्राझिउ म्हटलं की नशीब, वादळ, खडक असा वास येतो, अफुंदामेंतु म्हटलं की पुढचा प्रश्न 'कोणी?' इंग्लिशच्या 'सिंकिंग' मध्ये दोन्ही मावतात, तिथे ट्रान्सलेटरला बाजू घ्यावीच लागते. आणि सरळ उभं खाली गेलं, काही मिनिटांत, तर 'इर अ पीक', शत्रूचं जहाज तसं पाठवलं तर 'पोर अ पीक'. जुन्या बाजाचा, लढाईचा शब्द, गेममध्ये त्या बटणाखेरीज इतर ठिकाणी मी तोच वापरला कारण ऐकायला भारी लागतो. 'सोसोब्रार' म्हणून अजून एक आहे, लाटांत खाली-वर होत शेवटी जाणं, आता जहाजांपेक्षा लेखांमध्येच जास्त भेटतो, सरकारं आणि प्रेमप्रकरणं सोसोब्रार होतात.

पण सोळाव्या शतकातल्या हकिगती वाचल्या की एक वेगळाच शब्द समोर येतो, 'पेर्दा'. म्हणजे गमावणं, नुकसान. १५५२ मध्ये कोचीनहून मिरी भरून निघालेलं 'सांव जुआंव' नावाचं मोठं जहाज आत्ताच्या दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फुटलं, कप्तान मानुएल द सोझा सेपुल्वेदा, त्याची बायको, पोरं, गुलाम, सगळे चालत निघाले आणि त्यातले बहुतेक वाटेत संपले. त्या हकिगतीच्या शीर्षकात 'पेर्दा' आहे, गलबताची पेर्दा. जहाज बुडालं नाही, 'गमावलं'. माझा अंदाज असा की हिशेबाच्या वहीतून बघणाऱ्यांची ही भाषा आहे, मिरी गेली, जहाज गेलं, खर्ची टाका. आपल्याकडे पैसा बुडतो, त्यांच्याकडे जहाज गमावतं. इंग्लिशमध्येही जहाज 'लॉस्ट' होतं म्हणा, पण जुना पोर्तुगीज मजकूर करताना प्रत्येक 'सिंक' ला अफुंदार ठोकलं की त्या काळाची चव जाते.

आता गोव्याचे दोन प्रसंग सांगते, कारण माझ्या गेममध्ये जे दोन शब्द सगळ्यात जास्त नडले ते दोन्ही मुरगावच्या पाण्यात घडलेत.

पहिला, 'स्कटल'. म्हणजे आपलंच जहाज आपणच मुद्दाम बुडवणं, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज मुरगाव बंदरात आसरा घेऊन पडून होती. त्यातलं 'एहरेनफेल्स' गुपचूप रेडिओवरून दोस्त राष्ट्रांच्या जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना देतंय असा ब्रिटिशांचा संशय. मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या पलटणीतले, नोकरी-धंद्यात स्थिरावलेले, पोट सुटलेले काही साहेब एका बार्जवरून मुरगावला आले आणि रात्री एहरेनफेल्सवर चढले. जर्मनांनी जहाज पेटवून पाणी आत घेतलं, ते बघून बाकीच्या तिन्ही जहाजांनीही तेच केलं. चारही गेली. तटस्थ बंदरात घुसून केलेला प्रकार, म्हणून १९७८ पर्यंत दाबून ठेवला होता. आता याला काय म्हणायचं? नाउफ्राझिउ नाही, कारण अपघात नाही. नुसतं अफुंदामेंतु म्हटलं तर वाचणारा विचारेल ब्रिटिशांनी बुडवली का. पोर्तुगीजमध्ये स्कटलला असा एक सुटसुटीत रोजचा शब्द नाही, 'स्वतःचंच जहाज अफुंदार केलं' असं अख्खं वाक्य करावं लागतं. गेमच्या बटणावर सात अक्षरांची जागा होती. मी क्लायंटला लिहिलं बटण मोठं करा. त्यांनी नाही केलं, मग आयकॉन टाकला.

दुसरा, 'एंकाल्यार'. १८ डिसेंबर १९६१, गोवा मुक्तीची लढाई, पोर्तुगीजांची युद्धनौका 'आफोंसु द आल्बुकेर्क' मुरगावच्या पाण्यात एकटी, समोर भारताच्या 'बेटवा' आणि 'बियास'. गोळे लागले, कप्तान जखमी झाला, आणि खलाशांनी जहाज बांबोळीच्या किनाऱ्याला नेऊन वाळूत घातलं. इंग्लिशमध्ये घाईत कोणी 'संक' लिहून मोकळं होईल, मराठीतही 'बुडवली' लिहिलेलं चालून जाईल, पण ती बुडाली नाही, रुतली. एंकाल्यार म्हणजे जहाज उथळात बसणं, तळाला लागणं पण बुडून नव्हे. बोलताना विकला न जाणारा मालही 'एंकाल्यादु', आणि ब्राझीलमध्ये लग्न न जमणाऱ्या मुलीलाही म्हणायचे, जे ऐकून डोकं फिरतं. वरच्या आफोंसुच्या नावाचा खरा माणूस, गोवा घेणारा आल्बुकेर्क, त्याचं जहाज 'फ्लोर द ला मार' १५११ मध्ये मलाक्क्याची लूट घेऊन परतताना सुमात्राच्या किनाऱ्यावर फुटलं होतं, तो वाचला, लूट गेली. त्याच्या नावाचं जहाज साडेचारशे वर्षांनी बांबोळीच्या वाळूत.

पाणी सोडून बाकी सिंक भराभर बघू. कर्जात बुडालेला, तिथे अफुंदार चालतं, पण बोलताना 'आतोलादु', म्हणजे चिखलात रुतलेला, किंवा 'गळ्यापर्यंत', आपल्यासारखंच. विचारात बुडालेला माणूस मात्र तिथे 'मेर्गुल्यादु', म्हणजे सूर मारलेला, आणि मला ते पटतं, विचारात माणूस आपण होऊन उडी मारतो. धंद्यात पैसा 'सिंक' केला तर 'एंतेर्रार', पुरला. सूर्य बुडत नाही, 'पोर-स' होतो, स्वतःला खाली ठेवतो. शाळा बुडवायची तर ब्राझीलमध्ये 'मातार आउला', तासाचा खूनच, आपलं बंक मारणं त्यामानाने सौम्य. 'कार्बन सिंक' ला 'सुमिदोरु', जिथे गोष्ट गायब होते ती जागा, जमिनीत पाणी नाहीसं होतं तसं भोक. 'हीट सिंक' ला 'दिसिपादोर', उष्णता पांगवणारा, तिथे सिंकच्या नादाला लागायचंच नाही.

खचणाऱ्या जमिनीवर थोडं थांबते. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ गाजलं तेव्हा इंग्लिश चॅनलवर 'सिंकिंग टाउन', आपण म्हणालो 'खचतंय', बुडतंय कोणीच म्हणालं नाही. आपल्याकडे इथे वेगळा शब्द आहे, पोर्तुगीजमध्ये नेमका इथेच अफुंदार परत येतं. ब्राझीलच्या मासेयो शहरात खाली मिठाच्या खाणी होत्या, २०१८ पासून वरच्या वस्त्यांना तडे जायला लागले, जवळपास ६० हजार लोकांना घरं सोडावी लागली, आणि तिथल्या बातम्यांत शब्द 'अफुंदामेंतु दु सोलु', जमिनीचं बुडणं. जिऑलॉजीवाले 'सुब्सिदेंसिया' म्हणतात, चुनखडीत पडलेल्या खड्ड्याला 'दोलिना'. पण घर गेलेली बाई मायक्रोफोनसमोर अफुंदार म्हणते, आणि तिचं भाषांतर करताना मीही तेच म्हणणार.

आणि 'इट हॅज नॉट संक इन'? म्हणजे अजून डोक्यात शिरलं नाही. ब्राझीलमध्ये 'आइंदा नांव काइउ आ फिशा', फिशा अजून पडली नाही. फिशा म्हणजे पब्लिक फोनचं टोकन. तिकडे रस्त्यावर मोठ्या अंड्यासारख्या टपाखाली फोन असायचे, टोकन घालून नंबर फिरवायचा आणि समोरच्याने उचललं की टोकन आत खळ्ळकन पडायचं, लाइन लागली. फोन गेले, टोकनं गेली, वाक्य राहिलं. आपली ट्यूब पेटते, त्यांची फिशा पडते. म्हणजे 'संक इन' मधलं पडणं तरी तिथे शिल्लक आहे, पाणी नाही.

तर कॅटलॉग. ब्राझीलसाठी 'पीया' लिहिलं, तिथे किचनचं आणि बाथरूमचं दोन्ही पीयाच. पोर्तुगालसाठी किचनला 'लाव्हा-लोइसा', भांडीधुवं, आणि बाथरूमला 'लाव्हातोरिउ'. आपल्याकडे सिंक, बेसिन आणि मोरी असं वेगळं असतं तसंच. क्लायंट म्हणाला दोन फाइल कशाला, एकच करा, सगळीकडे पीया टाका, छोटा शब्द आहे. मी तसं करून पाठवलं आणि दुपारी लिस्बनहून कमेंट, 'बाई, आमच्याकडे पीया चर्चमध्ये असते, बाळाच्या डोक्यावर पाणी घालायला, नाहीतर डुकरांना खायला घालायला. तुमच्या फोटोत दोन भांडी आणि नळ दिसतोय.' दोन फाइल केल्या.